बाबांना भोपळा

ऑक्टोबर लागला की मला दोन प्रश्न हमखास येतात. चकलीची भाजणी कुठून आणलीस, आणि तो फोटोवरून भोपळ्यावर कोरलेला चेहरा कसा केलास. भाजणी आई सांगलीहून पाठवते, त्यात माझं कर्तृत्व शून्य. भोपळ्याचं मात्र एकदा नीट लिहून टाकते, म्हणजे दर वर्षी फोनवर अर्धा अर्धा तास सांगायला नको.

गोष्ट २०२४ च्या दिवाळीतली. आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आली होती. हॅलोविनला, म्हणजे पोरं भुताखेतांचे वेष करून दारोदार खाऊ मागतात त्या ऑक्टोबरअखेरच्या सणाला, आमच्या दारात कोरलेला भोपळा असतोच, पण त्याआधीची सगळी वर्षं दोन त्रिकोणी डोळे, एक त्रिकोणी नाक आणि करवतीच्या दातांसारखं तोंड, एवढ्यावरच भागवलेलं. त्या वर्षी आजीने नातीला म्हातारी भोपळ्यात बसून लेकीकडून परत येते ती गोष्ट सांगितली. (हो, तीच. अमेरिकेतल्या मराठी घरांत ऑक्टोबरमध्ये ती बाहेर निघते, जसा माळ्यावरून आकाशकंदील निघतो.) झालं. दुसरीतल्या बाईंना आता आजी भोपळ्यात हवी होती. नुसती कुठलीही म्हातारी नको, आपली आजी, चष्मा आणि कुडीसकट.

आई लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "जिवंतपणीच माझ्या फोटोत दिवा लावा. हौस बघा पोरीची."

आम्ही हसलो, पण मुद्दा खरा होता. आपल्याकडे फोटोपुढे दिवा कोणाच्या लागतो हे सगळ्यांना माहीत आहे. थोड्या वेळाने लसणाची सालं गोळा करताना तीच म्हणाली, "त्यांचा कर. जन्मभर पोरांना भोपळे वाटले, एक स्वतःलाही घेऊ देत."

बाबा सांगलीत नववी-दहावीला गणित शिकवायचे. उत्तरपत्रिकेवर ते शून्य कधी साधं काढत नसत. वर छोटा देठ काढायचे. २०१९ साली गेले. त्यांना भोपळ्याची भाजी अजिबात चालायची नाही, ताटात दिसली तर ताट दोन इंच पुढे सरकायचं. तेव्हा सगळ्याच अर्थांनी हा सूड होता.

आता फोटो. इथे माझा पहिला आठवडा वाया गेला.

भिंतीवर हार घातलेला आहे तो स्टुडिओतला फोटो मी आधी घेतला. समोरून सरळ, दोन्ही बाजूंनी दिवे मारलेले, चेहरा स्वच्छ. पासपोर्टला उत्तम, भोपळ्याला निकामी. कारण टेम्प्लेट, म्हणजे भोपळ्यावर चिकटवून कोरायचा छापील साचा, बनवताना कॉम्प्युटर फोटोतल्या बहुतेक करड्या छटा फेकून देतो आणि उजेड-अंधार एवढंच ठेवतो. ज्या चेहऱ्यावर सावलीच नाही, त्याचं नाक कशाने दिसणार? माझ्या पहिल्या प्रयत्नात एक गुळगुळीत पांढरा गोल, त्यात दोन भुवया आणि एक मिशी होती. लेक म्हणाली, हे आजोबा नाहीत, हा उडणारा पक्षी आहे. तिरकं धरून बघितलं तर खरंच पक्षी होता.

मग फोनमधले जुने फोटो चाळले. एक सापडला, मीच सांगलीच्या घरी काढलेला. बाबा सकाळी खिडकीशी पेपर वाचतायत, अंगात बनियन, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. खिडकी एका बाजूला, त्यामुळे अर्धा चेहरा उजेडात, अर्धा सावलीत. नाकाची कड, गालाचा खळगा, कपाळावरच्या तीन रेघा, सगळं त्या तिरक्या उन्हाने कोरून ठेवलेलं होतं. असा फोटो शोधा. दात दाखवून हसणारा नको, कारण दात कोरताना माणसाचं भूत होतं. फ्लॅश मारलेला नको. एका बाजूने ऊन असेल तर निम्मं काम झालं.

बनियनवरचे बाबा दारात बसवायला आईची तयारी नव्हती. "लोक येतील दिवाळीचे." म्हणून शर्टाची कॉलर मी त्या स्टुडिओतल्या फोटोवरून काढून मानेखाली चिकटवली. तेवढा तरी तो फोटो उपयोगी पडला.

फोटो टाकला की आपोआप टेम्प्लेट बनवून देणाऱ्या साइट आहेत. नवऱ्याने दोन वापरून बघितल्या. एकीने बाबांचा पांडा केला. कारण सोपं आहे: कुठला अंधार महत्त्वाचा आणि कुठला उगाच पडलेला, हे यंत्राला कळत नाही. म्हणून मी गिम्प हे फोटोवर काम करायचं सॉफ्टवेअर वापरलं, ते फुकट मिळतं. फोटोशॉप असेल तर त्यातही हेच सगळं आहे.

आधी चेहऱ्यापुरता फोटो कापला, डीसॅच्युरेटने रंग काढून टाकले. मग थोडा गॉशियन ब्लर. धूसर कशाला करायचं, असं आधी वाटलं होतं. पण तसं केलं नाही तर पुढच्या पायरीला दाढीचा प्रत्येक खुंट वेगळा ठिपका होऊन बसतो आणि कागदावर तीळ सांडल्यासारखं दिसतं. त्यानंतर पोस्टराइझ, पातळ्या तीन. एका झटक्यात सगळा फोटो काळा, करडा आणि पांढरा, एवढ्या तीनच रंगांत येतो. नुसतं काळं-पांढरं हवं असेल तर थ्रेशोल्ड वापरायचं, पण माणसाच्या चेहऱ्याला तीन रंग लागतातच. कुठे किती करडं येईल हे पोस्टराइझच्या आधी लेव्हल्समधला मधला बाण सरकवून ठरतं. तो मी किती वेळा सरकवला याची गणती नाही. एक मिलिमीटर इकडे की बाबा पन्नाशीतले, तिकडे की आजारपणातले.

तीन रंगांचा अर्थ असा. काळं म्हणजे भोपळ्याची साल तशीच ठेवायची, तिथून उजेड येत नाही. पांढरं म्हणजे आरपार भोक. करडं म्हणजे वरची साल तेवढी तासायची, आतला गर राहू द्यायचा, म्हणजे तिथून मध्यम नारिंगी उजेड झिरपतो. उजेड आतून बाहेर येतो हे डोक्यात पक्कं बसलं पाहिजे. कागदावर आपण काळ्याने रेखाटतो, भोपळ्यावर आपण उजेड रेखाटतो. माझ्या एका मैत्रिणीने हे उलटं धरलं आणि तिचा कुत्रा निगेटिव्हसारखा निघाला, पांढरे डोळे चमकवणारा. हॅलोविनला तोही खपला म्हणा.

यापुढचं काम कॉम्प्युटरचं नाही, आपलं आहे, आणि खरा वेळ इथेच जातो. काळ्याचा आणि करड्याचा प्रत्येक तुकडा कुठेतरी बाकीच्या भोपळ्याला जोडलेला हवा. पांढऱ्याच्या मधोमध काळ्याचं बेट राहिलं, तर भोक पाडल्यावर ते बेट हवेत कसं राहणार? ते धपकन आत पडतं. पोस्टराइझ केलेल्या चित्रात अशी बेटं पाच-पन्नास असतात. एकेक शोधून एकतर पुसायचं, नाहीतर त्याला एखादी वाट काढून किनाऱ्याला लावायचं. मला शाळेतल्या भारताच्या नकाशाचा स्टेन्सिल आठवला. लक्षद्वीप त्यात कधीच नसायचं, ते का, हे चाळिसाव्या वर्षी कळलं.

सगळ्यात मोठं बेट म्हणजे स्वतः बाबा. मागे सांगलीची चुन्याची पांढरी भिंत होती. ती तशीच ठेवली असती तर सगळा चेहराच बेट झाला असता, कापल्यावर बाबा अख्खेच्या अख्खे आत. म्हणून पार्श्वभूमी पहिल्यांदा काळी करायची. पांढरे केस त्या काळ्यावर छान उठून दिसले, हा फायदाच. कपाळ मोठं आणि उजेडातलं, पण आरपार कापलं तर भुवयांना आधार राहत नाही, म्हणून ते सगळं करडं केलं. वरच्या तीन रेघा काळ्या ठेवल्या. सावलीतल्या बाजूच्या डोळ्याला फक्त चष्म्याच्या काचेची एक चमक पांढरी ठेवली, तांदळाएवढी. बाकी तिकडे सगळा अंधार. आणि आश्चर्य म्हणजे त्या बाजूनेच ते जास्त बाबा वाटत होते. मिशी गालाच्या सावलीला जोडली, हनुवटीखालची सावली मानेला.

मध्ये मध्ये तपासायची युक्ती: चित्र पडद्यावर अंगठ्याच्या नखाएवढं करून बघायचं, किंवा खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन डोळे किलकिले करायचे. जवळून ते नुसते डाग असतात. आईला मी काही न सांगता जेवणाच्या टेबलावरून लॅपटॉप दाखवला. ती चष्मा न लावता म्हणाली, "पेपर वाचतायत." पेपर चित्रात नव्हताच, तो मी केव्हाच काढून टाकला होता. तेव्हा मी सेव्ह केलं.

भोपळा आम्ही जवळच्या शेतावरून आणला. कोरायला इथे हाउडन जातीचा भोपळा फार चालतो, मॅसॅच्युसेट्सच्या एका शेतकऱ्याने तयार केलेली जात, त्याचंच नाव. देठ दणकट, अंग टणक. चेहऱ्यासाठी उभट बघायचा, आणि खाचा कमी खोल असलेला, नाहीतर नाक खाचेत जाऊन वाकडं होतं. चवीला हा आपल्या लाल भोपळ्याच्या पासंगालाही पुरत नाही, पाणचट आणि दोऱ्या-दोऱ्यांचा. तरी आईने कोरून निघालेल्या किसाचे घारगे केलेच. गूळ दुप्पट लागला म्हणून अमेरिकेच्या शेतीला नावं ठेवून झाली.

पहिला घाव घालण्यावरून वेगळंच नाट्य. बाईने अख्खा भोपळा फोडायचा नाही, पहिली सुरी पुरुषाने लावायची, हे आमच्या घरी पाळलं जातं. मी एरवी असल्या गोष्टी मानत नाही, पण आई समोर उभी राहून "जावईबापू, तुम्ही लावा सुरी, मग काय करायचं ते तुमची बायको करील" असं म्हणते तेव्हा वाद घालायचा नसतो. जावईबापूंनी मीटिंग म्यूट करून येऊन सुरी लावली आणि परत गेले.

भोक वरून देठापाशी न पाडता बुडाशी पाडा. वरचं झाकण सुकून आत पडतं. बुडाला भोक असलं की दिवा जमिनीवर ठेवून वरून भोपळा टोपीसारखा बसवता येतो. ज्या बाजूला चेहरा येणार ती भिंत आतून खरवडून साधारण इंचभर जाडीची करायची. जाड राहिली तर करड्या भागातून उजेडच येत नाही.

कागद चिकटवताना लक्षात येतं की कागद सपाट आणि भोपळा गोल. प्रिंटच्या कडेने मध्याच्या दिशेने काप द्यायचे, ब्लाउजला टक्स घालतो तसे, आणि सेलोटेपने बसवायचं. डोळे-नाक-तोंडाच्या भागात सुरकुती येता कामा नये, कडेला आली तर येऊ दे. मग टाचणीने सगळ्या रेघांवर दोन-तीन मिलिमीटरवर टोचत जायचं.

हे काम आईने मागून घेतलं. सोफ्यावर मांडीत टॉवेल, टॉवेलात भोपळा, हातात फळ्याला लावायची मोठी टाचणी. दोन तास ती टोचत होती. कागद काढला तर सालीवर काहीच दिसेना, केशरी सालीत टाचणीची भोकं ती किती दिसणार. मी म्हटलं, इथले लोक वरून मैदा चोळतात, भोकांत पांढरा राहतो. आई उठली, दिवाळीसाठी आणलेल्या रांगोळीच्या पिशवीतून चिमूटभर घेतली, बोटांनी चोळली, ओल्या फडक्याने हलकेच पुसली. ठिपके उमटले. शेकडो बारीक पांढरे ठिपके, आणि त्यांत बाबांची मिशी.

"हा तर आपला ठिपक्यांचा कागदच की गं," ती म्हणाली.

लहानपणी आमच्याकडे दिवाळीच्या आधी जुन्या पेपरवर उदबत्तीने भोकं पाडायचं काम चालायचं. पट्टीने मापून, एका ओळीत पंधरा, खाली पंधरा. पेटत्या उदबत्तीचं टोक टेकवलं की कागदाला तपकिरी कडेचं गोल भोक पडायचं, सगळ्या घरात जळक्या कागदाचा आणि मोगऱ्याचा मिळून एक वास. मग तो कागद सारवलेल्या अंगणावर अंथरून वरून रांगोळी फिरवली की एका दमात सव्वादोनशे ठिपके. मापं बाबा घालून द्यायचे. आईचे ठिपके तिरके जातात असं त्यांचं म्हणणं. आणि इथे ती एकटी दोन तास टोचून त्यांचाच चेहरा काढून मोकळी झाली, एक ठिपका हललेला नाही.

कोरण्याबद्दल फार सांगत नाही. क्रम तेवढा लक्षात ठेवा. आधी तासायचे करडे भाग, त्याला लिनोकटर, म्हणजे ठसे कोरायची छोटी पटाशी, सगळ्यात बरा. मग आरपार भोकं, त्यातली आधी बारीक आणि मधली, शेवटी मोठी आणि कडेची. मोठी आधी पाडली तर भिंत लेचीपेची होते आणि डोळ्याशी काम करताना हातातच येते. सुरी नको, बाजारात मिळणारी दातेरी बारीक करवत घ्या. तुकडा निघत नसेल तर ओढू नका, आतून बोटाने ढकला.

मी हे सगळं जाणून असूनही चष्म्याची नाकावरची दांडी तोडली. चार मिलिमीटरची पट्टी, दोन्ही बाजूंना भोक, करवत जरा तिरकी गेली आणि टक्. अर्धा चष्मा लोंबायला लागला. मी रडकुंडीला आलेली. आईने टूथपिकची डबी आणून ठेवली. अर्धी टूथपिक एका टोकात खुपसली, अर्धी दुसऱ्यात, दांडी जोडली गेली. "त्यांचा खरा चष्मा तरी कधी धड होता? तांब्याची तार गुंडाळून वापरायचे. शोभतंय."

त्या वर्षी अमेरिकेत अमावास्येची संध्याकाळ एकतीस ऑक्टोबरलाच आली. म्हणजे लक्ष्मीपूजन आणि हॅलोविन एकाच दिवशी. आत फराळाची ताटं, पूजा, लाह्या-बत्तासे. बाहेर वटवाघळं आणि सांगाडे बेल वाजवतायत. दारावर आकाशकंदील, पायरीला पणत्या, रांगोळी, आणि शेजारी बाबा. भोपळ्यात मेणबत्ती पुरत नाही, फोटोच्या कामाला उजेड जास्त लागतो, म्हणून मी बॅटरीवरचे दोन एलईडी दिवे ठेवले होते. आईने त्यावर काही म्हटलं नाही, पण पणती तिने भोपळ्यापुढे ठेवली. सात वाजता बाहेरचा दिवा बंद केला. दिवसभर जो नुसता ओरबाडलेला भोपळा दिसत होता, त्यातून बाबा चष्म्यावरून बघायला लागले. लेक दारातच थांबली आणि पाठीचं पोक काढून सरळ उभी राहिली.

आयर्लंडमध्ये पूर्वी हे सलगमावर कोरत. इकडे आल्यावर त्या लोकांना भोपळा सापडला, मोठा आणि कोरायला मऊ. डोनेगलमधल्या एका सलगमाच्या कंदिलाचा प्लास्टरचा ठसा तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, त्याचा फोटो बघा कधीतरी. वाळलेल्या कवटीसारखा, खरोखर भीती वाटते. त्या मानाने आमचे बाबा फारच सोज्वळ. तरी समुद्री चाच्याच्या वेषातल्या एका पोराने टोपलीत हात घालून मूठभर चॉकलेटं उचलली आणि मग विचारलं, हे कोण? आई म्हणाली, "माय हजबंड. मॅथ्स टीचर." त्याने दोन परत ठेवली.

कापलेल्या कडांना व्हॅसलीन लावलं होतं, त्याने सुकणं जरा लांबतं. पण त्या ऑक्टोबरात न्यू जर्सीत पावसाचा थेंब नव्हता आणि थंडीचाही पत्ता नव्हता. भाऊबीजेपर्यंत आत काळी बुरशी धरली आणि तोंडाचा भाग आत ओढला गेला. आई म्हणाली, कवळी काढून ठेवली की अस्सेच दिसायचे. कचऱ्याच्या डब्यात टाकायला तिने साफ नकार दिला. नवऱ्याने मागच्या अंगणात हायड्रेंजाशेजारी खड्डा खणला. खारीने तोवर एक कान खाल्ला होता.

जानेवारीत तिची बॅग भरताना साड्यांच्या घडीत मला तो प्रिंट सापडला. टोचलेला, कडेने कापलेला, रांगोळीने पांढरा झालेला. म्हटलं, हा कशाला नेतेस, फाटलाय.

"असू दे. दिवाळीला उपयोगी पडेल."

"दारात काढणार? बाबांना?"

"उंबऱ्यात नाही गं, पाय पडतो कोणाचा तरी. तुळशीपाशी काढीन," आई म्हणाली आणि कागद पैठणीच्या आत सरकवला, चुरगळू नये म्हणून.